लग्नघरचे सरपण

ज्या वृक्षाला आपण देव मानून मांडवात बसवतो, त्याच वृक्षाचे लाकूड आपल्या हातून चुलीत जाऊ नये, हे पथ्य सरळ आहे आणि ते पाळणेही कठीण नाही. परंतु मुलीचे लग्न तोंडावर आले आहे, जळण अपुरे आहे, आणि ते गाडीभर आणून टाकणारा मनुष्य केवळ प्रेमाने आणून टाकतो आहे, अशा घरी त्या पथ्याला धक्का लागला, तर दोष कोणाच्या माथी ठेवावा? आणणाऱ्याने अजाणता आणले, तोडणाऱ्याने अजाणता तोडले, आणि ज्याने जाणले त्याने स्वतःचा हात पुढे घातला. तरीही रक्त सांडायचे ते सांडलेच. हा प्रश्न सोडवावा म्हणून दोन घरची माणसे माझ्यापुढे येऊन बसली, तेव्हा माझे वाईचे अध्ययन नुकते कोठे पुरे झाले होते.

“भटजी, जरा अलीकडं सरा. पाचर उडाली तर शेंडी घेऊन जाईल!”

असे म्हणून धोंडबाने घणाचा टोला हाणला. ओंडक्यात ठोकलेली लोखंडी पाचर किंचित आत गेली, लाकूड करकरले, आणि मी मुकाट्याने ओट्याच्या कडेला जाऊन बसलो.

ते गाव जावळीच्या खोऱ्यातले, हिरडेवाडी. आमच्या घराकडे तेथील उपाध्येपण होते. काकांना दम्याने अंथरुणाला खिळवले होते, म्हणून भिवाजींच्या सगुणेच्या लग्नाची मुहूर्तमेढ रोवण्यास मी गेलो होतो. मेढीचा मुहूर्त दुपार टळल्यावर होता. त्याच दिवशी लग्नघरची सगळी कामे आरंभायची असतात. आत पाच सुवासिनी जात्याला आंब्याची पाने बांधून मुहूर्ताची हळद दळत होत्या, आणि बाहेर अंगणात लग्नाचे सरपण फुटत होते.

त्या खोऱ्यात लग्नाचे सरपण मजुरी देऊन फोडून घेत नसत. भावकीतल्या पुरुषांनी कुऱ्हाडी घेऊन यायचे, असा रिवाज होता. पहाटेपासून दहा-वीस कुऱ्हाडींचा आवाज दरीत घुमू लागला की पलीकडच्या डोंगरावरच्या वाडीलाही कळे, अमक्याच्या घरी कार्य आहे आणि त्याची माणसे त्याच्या पाठीशी आहेत. त्या दिवशी मात्र भिवाजींच्या अंगणात दोनच कुऱ्हाडी होत्या. एक त्यांची आणि एक शेजारच्या धोंडबाची. बांधाच्या तंट्यावरून भावकी रुसली होती. भिवाजींना मुलगा नव्हता. ते एकेक घाव घालीत, आणि प्रत्येक घावानंतर वाटेकडे पाहत.

धोंडबाचे वय झाले होते, पण त्याची जीभ तरुण होती. उजव्या हाताचे तोकडे बोट नाचवीत तो मला सांगू लागला, “हे बगा, हे बोट बाभळीनं खाल्लं. ही कपाळावरची खोक खैराची. खैर लई तापट, घाव घातला की ढलपी तोंडावरच फेकतो. आन् ह्यो पायाचा वण हाय न्हवं, तो अंजनीचा.”

“आणि आंब्याने काहीच केले नाही?” मी विचारले.

“आंबा भला मानूस. त्यानं निस्ता पाठीत उसण भरवली.”

भिवाजींनाही हसू आले. त्या दिवसातले ते त्यांचे पहिलेच हसू असावे.

तेवढ्यात वाटेवर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. लाकडांनी शिगोशीग भरलेली एक गाडी अंगणाशी येऊन थांबली. हाकणारा एकटाच होता. रुंद खांद्यांचा तरुण, डोक्याला मुंडासे, त्याचा शेव गालांवरून हनुवटीखाली घेतलेला.

“दाभाटीवरनं आलोय,” तो खाली पाहत म्हणाला. “नवऱ्याकडनं जळण धाडलंय. फोडून द्यायलाबी सांगितलंय.”

दाभाटी म्हणजे सगुणेचे होणारे सासर. नवरा मुलगा हैबती पलटणीत होता. सुपारी फुटली तेव्हा तो दूर छावणीत होता, त्याच्या वतीने त्याचे चुलते तात्याबा बसले होते. भिवाजींनी त्याला पाहिले होते ते लहानपणी, नदीत म्हशी धुताना.

“नाव काय रं तुझं?” भिवाजींनी विचारले.

“नामा. गडी हाय त्यांच्याकडं.”

“देव भलं करो तुझ्या मालकाचं,” भिवाजी म्हणाले, आणि तोंड फिरवून त्यांनी उपरण्याने घाम पुसला. घामच पुसला असे आपण समजू.

तो तरुण कामाला लागला आणि अंगणाची कळाच पालटली. त्याचा घाव एका लयीत पडे. ताज्या लाकडाचा तो किंचित आंबूस, किंचित मधुर गंध चोहीकडे भरून राहिला. आता घरोघरी गॅसच्या टाक्या आल्या. सोय झाली, धुराने डोळे चुरचुरणे थांबले, ते चांगलेच झाले. पण फुटल्या लाकडाचा तो गंध मला आजही कोठे अवचित आला, तर आधी सनई आठवते आणि मग ते अंगण.

सगुणा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. सडपातळ, सावळी, मोजके बोलणारी मुलगी. तिने आधी मला फुलपात्र दिले, मग वडिलांना, मग धोंडबाला. त्या तरुणापुढे तांब्या धरला, तेव्हा त्याने पाठ वळवली, मान खाली घातली आणि ओंजळ तेवढी बाजूला केली.

“काय रं?” धोंडबा ओरडला. “समोर बघून पी की! तांब्यात म्हैस बसलीया का?”

सगुणेने त्याच्या ओंजळीत पाणी ओतले, क्षणभर त्या वळलेल्या पाठीकडे पाहिले, आणि ती आत गेली.

उन्हे चढली. गाडीतील बरेचसे जळण फुटून रचले गेले. धोंडबा सावलीत टेकला. भिवाजी एकेक ओंडका ठोकळ्यावर ठेवून देत होते आणि तो तरुण घाव घालीत होता. असाच एक ओंडका भिवाजींनी ठेवला. साल सोललेले, फिकट पिवळट लाकूड होते ते, कशाचे ते चटकन ओळखू येऊ नये असे. तरुणाने कुऱ्हाड डोक्यावर उचलली. तेवढ्यात भिवाजींची दृष्टी ओंडक्याच्या खालच्या बाजूला गेली. तेथे एक वाळकी काटकी तशीच राहिली होती आणि तिला बोराएवढा गोल गोंडा लटकत होता.

“कळंब!” ते ओरडले. “थांब! देव हाय!”

आणि कुऱ्हाड खाली येत असतानाच त्यांनी त्या ओंडक्यावर आपला उजवा हात पसरला.

कळंब हे त्या घराण्याचे देवक. लग्नात त्याचीच फांदी आणून मांडवात पुजायची, आणि एरवी त्या झाडाला त्या घरच्या कोणी शस्त्र लावायचे नाही की त्याची काडी जाळायची नाही. दाभाटीकरांचे देवक निराळे, वडाचे. त्यांना कळंब म्हणजे चार झाडांतले एक झाड. त्यांच्या बांधावर ते वाळले, त्यांनी ते तोडले आणि प्रेमाने गाडीत भरले.

हे सर्व मी आज सांगतो आहे. त्या वेळी मी एवढेच पाहिले की खाली येणारी कुऱ्हाड थांबणे शक्य नव्हते, आणि ती थांबलीही नाही. त्या तरुणाने मनगटे पिळून तिला आडवे वळवले. पाते भिवाजींच्या बोटांना वारा घालून गेले, ओंडक्याच्या कडेला घासले आणि त्याच्या स्वतःच्या डाव्या पावलात रुतले.

तो ओरडला नाही. खाली बसला, एवढेच. रक्त मात्र मातीत असे धावले की धोंडबासारखा माणूसही “अरे देवा” म्हणून डोळे झाकून उभा राहिला. भिवाजींनी त्याचेच मुंडासे सोडून त्याची पोटरी आवळली. मी पाणी घेऊन धावलो. “हळद आणा, हळद!” कोणीतरी ओरडले.

सगुणा आली ती हातात पितळी वाटी घेऊनच. जखमेजवळ बसून तिने मुठीने हळद त्यात दाबली.

दारातून तिच्या आईने किंकाळी फोडली, “सगुणे! अगं, ती मुहूर्ताची हळद! देवापुढची!”

“ठाऊक हाय मला,” सगुणा मान वर न करता म्हणाली, आणि तिने दुसरी मूठ भरली.

सुवासिनी तोंडाला पदर लावून पाहत राहिल्या. नवऱ्या मुलाला लागून उरलेली उष्टी हळद नवरीला लागायची, हा क्रम. तोवर मुहूर्ताच्या हळदीला कोणी शिवायचेही नाही. आणि येथे नवरी मुलगी ती हळद स्वतःच्या हाताने एका परक्या गड्याच्या पायात भरत होती.

भिवाजी त्या तरुणाचे डोके मांडीवर घेऊन विचारीत होते, “लेकरा, कुणाचा रं तू? तुझ्या घरी काय सांगू मी?”

त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो पुटपुटला, “घरी नगा सांगू, मामंजी.”

मामंजी! तो गडी नव्हता, नामा नव्हता. पलटणीतून रजेवर आलेला नवरदेव हैबती होता तो. लग्नाआधी नवऱ्याने नवरीच्या अंगणात पाऊल टाकू नये, म्हणून तोंड झाकून आला होता. भावकी रुसल्याचे त्याने बाजारात ऐकले होते.

त्याच गाडीत घालून त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. मेढीचा मुहूर्त टळून गेला. मी मेढीसाठी काढलेला खड्डा तसाच उघडा राहिला.

दोन-तीन दिवसांनी दाभाटीहून तात्याबा आले. त्यांच्याबरोबर त्यांची बहीण, हैबतीच्या तानूआत्या होत्या. पोरक्या हैबतीला त्यांनीच वाढवले होते. लग्न मोडणार ही वार्ता गावभर झाली होती, आणि त्यामुळे रुसलेली भावकीही ओट्यावर येऊन बसली. सर्वांत पुढे भिवाजींचे चुलतभाऊ गणोजी.

“डाक्टरनं दोन बोटं काढली,” तात्याबांनी सुरुवात केली. “पोर लंगडतच चालणार. पलटणीतनं नाव कमी होणार. तुमच्या देवानं आमच्या पोराचं रक्त घेतलं, भिवाजी. मांडव पडायच्या आधीच ह्यो पायगुण. आमी सुपारी परत करतो.”

“पायगुण कुणाचा?” गणोजी उसळले. “चोरावानी तोंड झाकून आला कोण? आमचा देव जळण म्हणून गाडीत भरला कुणी? आन् आमी पोरगी दिली ती पलटणीतल्या शिपायाला. पांगळ्याला न्हाई.”

“गणोजी,” भिवाजी हळूच म्हणाले.

“तू गप. तुला बोलता येत न्हाई म्हनून आमी आलोय.”

“सरपन फोडायला आला असता तर बरं झालं असतं,” धोंडबा खांबाआडून म्हणाला. गणोजींनी त्याच्याकडे रागाने पाहिले.

आतल्या दाराशी सगुणेची सावली दिसत होती. त्या काळी दारात येऊन मोडलेल्या लग्नाची मुलगी पुढे कोणी सहज करीत नसे. तिच्या आयुष्याचा निवाडा ओट्यावर चालला होता आणि ती उंबऱ्याच्या आत उभी होती.

शेवटी तात्याबा माझ्याकडे वळले. “भटजी, तुमी शिकलेले. शास्त्र काय सांगतं? देवकाला घाव लागला, मुहूर्ताची हळद भलतीकडं लागली. ह्ये लगीन व्हावं का न व्हावं?”

अजाणता घडलेल्या दोषाला शांती असते, ती मी सांगू शकत होतो, आणि सांगितलीही. हळदीविषयी मात्र आमच्या पोथ्यांत अवाक्षर नाही. पण विवाहाच्या प्रकरणात आमचे आचार्य एक गोष्ट सांगून गेले आहेत. पाठ करताना मी ती शेकडो वेळा म्हटली होती. तिचा उपयोग कधी पडेल असे मनात आले नव्हते.

“तात्याबा,” मी म्हणालो, “देश बदलला की लग्नातल्या रीती बदलतात, गाव बदलले की बदलतात. त्या पोथीत शोधू नयेत. घरातल्या जाणत्या स्त्रियांना विचाराव्या आणि त्या सांगतील ते प्रमाण मानावे, असे शास्त्रच सांगते. हळद स्त्रियांची. निवाडा त्यांनी करावा.”

“बायकांनी?” गणोजी म्हणाले.

“बायकांनीच,” असे म्हणत तानूआत्या उठल्या. त्या इतका वेळ भिंतीला टेकून, डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटले होते की त्यांना डुलकी लागली आहे. “ये गं पोरी भायेर. घाबरू नगंस. मी काय खानार न्हाई तुला.”

सगुणा उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली.

“मुहूर्ताची हळद तू लावलीस?”

“व्हय.”

“कुणीतरी परका गडी रक्तात पडला, आन् त्याला देवाफुडली हळद लावलीस? घरात दुसरी हळद नव्हती?”

“डब्यात होती.”

“मग?”

तिच्या आईने पदराचे टोक दातांत धरले होते.

“परके नव्हते,” ती म्हणाली.

“तुला कोन म्हनालं?”

“कुणीच न्हाई. पाणी द्यायला गेले तवा ध्यानात आलं. सरपन फोडणारा मानूस तहानला की तोंड वर करून पितो. ह्यांनी पाठ फिरवली. अंतरपाटाआधी नवरीचं तोंड बघू नये, एवढं गड्याला कशाला पाळावं लागतंय?”

धोंडबा खांबाआडून फिसकन हसला आणि त्याने तोंडावर हात ठेवला.

“म्हंजे वळकून लावलीस,” तानूआत्या म्हणाल्या.

“पयली हळद नवऱ्यालाच लागती न्हवं, आत्या? मग माझं चुकलं कुठं?”

तानूआत्यांनी तिच्याकडे निरखून पाहिले. ते पाहणे मला अजून दिसते. त्यात कठोरपणा होता आणि त्याच्या मागे काहीतरी विरघळत होते.

“उरली का?” त्यांनी विचारले.

“काय?”

“हळद गं. उरली का वाटीत?”

सगुणेने आतून वाटी आणली. तळाशी थोडी हळद होती, सुकलेल्या रक्ताने मधूनमधून काळवंडलेली. तानूआत्यांनी तीत दोन थेंब पाणी टाकले, बोटाने कालवली, आणि भर ओट्यावर, सगळ्या पुरुषांच्या देखत, सगुणेच्या दोन्ही गालांना लावली.

“तात्या,” भावाकडे न पाहताच त्या म्हणाल्या, “आपल्या पोराला हळद लागली. त्याची उष्टी नवरीला लागली. आता लगीन मोडायचं म्हंजे हळदीच्या अंगाच्या पोरीला टाकायचं. आपल्या घरात असं कुणी केलंय का? केलं असंल तर सांग.”

तात्याबांनी परत करायला आणलेली सुपारी पुन्हा कनवटीला खोवली.

“पर पांगळा…” गणोजींनी आपली बाजू पुढे रेटली.

तेव्हा भिवाजी उठले. इतका वेळ त्या माणसाने कोणालाही उलट उत्तर दिले नव्हते. त्यांनी आपला उजवा हात गणोजींच्या तोंडापुढे धरला.

“ह्यो बघ. बघ नीट. ह्यो त्या दिशी मनगटातनं गेला असता. देवाला वाचवावं म्हनून मी हात घातला, आन् मला वाचवावं म्हनून त्यानं पाय दिला. ज्या हातानं मी पोरीचं दान करनार, तो हात त्याचा हाय, गणोजी. पांगळा म्हनू नगंस त्याला. माझ्या म्होरं म्हनू नगंस.”

गणोजींनी त्या हाताकडे पाहिले. मग ते उठले, अंगातली बंडी काढून त्यांनी खुंटीला अडकवली आणि अंगणात उतरले. फोडायचे राहिलेले ओंडके तसेच पडून होते. त्यांनी धोंडबाची कुऱ्हाड उचलली.

“त्यात कळंब न्हाई न्हवं?” त्यांनी विचारले.

“मी बघून ठेवलंय सगळं,” धोंडबा म्हणाला. “बिनघोर हाण.”

पहिला घाव पडला. मग भावकीतला दुसरा एक जण उतरला, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत दरीत कुऱ्हाडींचा आवाज घुमत होता. तो कळंबाचा ओंडका भिवाजींनी डोक्यावर घेतला आणि देवळामागच्या जुन्या कळंबाच्या बुंध्याशी नेऊन ठेवला. मी शांतीचे मंत्र म्हटले. पुढच्या मुहूर्तावर मेढ रोवली.

हैबती लग्नाला आला तो चौघांनी उचललेल्या पाटावर बसूनच. सप्तपदीच्या वेळी मी म्हणालो की वराने पाऊल न टाकले तरी चालेल, आपद्धर्म आहे. तो नको म्हणाला. सगुणेच्या खांद्यावर हात ठेवून तो उठला, आणि तांदळाच्या एकेका राशीपाशी थबकत ती दोघे चालली. मला मंत्र लांबवावे लागले. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ लग्ने लावली, पण इतकी सावकाश सप्तपदी दुसरी नाही. लोक कंटाळले नाहीत. सनईवाल्यानेही सनई खाली ठेवली होती.

पलटण सुटली. दाभाटीच्या उतारावर त्या दोघांनी नाचणीची खाचरे केली, लेकरे वाढवली. तानूआत्यांचे शेवटचे दिवस सगुणेच्याच हातचे पाणी पिऊन गेले. त्या ओट्यावरची बहुतेक माणसे आज नाहीत. जी आहेत त्यांना माझ्यासारखेच थोडे कमी दिसते, थोडे कमी ऐकू येते.

संध्या करून उठताना मी ज्यांचे ज्यांचे स्मरण करतो, त्यांत ती सर्व माणसे असतात, भांडलेली आणि न भांडलेली. त्यांच्या लेकीसुनांच्या चुलीत अग्नी शांत तेवो. त्यांच्या रानात झाडे उभी राहोत. आणि रागावलेली भावकी, उशिरा का होईना, ज्याच्या-त्याच्या अंगणात उतरो. शुभं भवतु.